नामानाला शांती, गेहजीला कोड

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

विश्वासात तडजोड करू नका, असं सांगणारे आपल्या चर्चमधले संदेश फराळाच्या ताटापाशीच का अडकतात, हे मला अजून कळलेलं नाही. दिवाळी जवळ आली की विषय ठरलेला. शेजारच्या वहिनींनी करंज्या दिल्या तर घ्यायच्या का, ऑफिसात गणपतीच्या आरतीला उभं राहायचं का, प्रसाद हातात पडला तर त्याचं काय करायचं. प्रश्न खोटे नाहीत. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी पौलानं करिंथच्या मंडळीला चांगलं सविस्तर लिहिलंय. पण ते नीट वाचलं तर त्याला ताटापेक्षा दुबळ्या विवेकाच्या भावाची काळजी जास्त आहे, हे दिसतं. आपण मात्र आज्ञापालनाची सगळी परीक्षा त्या ताटावरच घेतो आणि बाकी सगळ्या विषयांत एकमेकांना पास करून टाकतो.

बायबलमधलं २ राजे, अध्याय ५ काढा. नामानाची गोष्ट संडे स्कूलच्या पोरांनाही तोंडपाठ असते. अरामाचा सेनापती, कोड, यार्देनेत सात बुड्या, बरा झाला, हालेलुया. बहुतेक संदेश इथे, १४ व्या वचनाला संपतात. अध्याय २७ वचनांचा आहे.

बरा झालेला नामान म्हणतो, यापुढे परमेश्वराशिवाय कुणालाही यज्ञ करणार नाही. दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली मातीसुद्धा मागून घेतो. आणि त्याच दमात सांगतो, माझा राजा त्याच्या रिम्मोन दैवताच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, तिथे मलाही वाकावं लागेल, एवढ्याची परमेश्वरानं मला क्षमा करावी. आपल्याकडच्या एखाद्या तापट वक्त्यापुढे हे बोलला असता, तर त्यानं त्याला पुन्हा नदीत ढकललं असतं. बुड्या मारायला सांगणारा संदेष्टा अलीशा म्हणतो, शांतीने जा. 'चालेल' म्हणत नाही, 'चालणार नाही' असंही म्हणत नाही. नवा विश्वासणारा परक्या राजाच्या नोकरीत परत निघालाय, आपण वाकणार ते चूक आहे हे त्याला कळतंय, आणि ते तो लपवत नाही.

मग येतो गेहजी. संदेष्ट्याच्या घरातला माणूस, रोज वचन ऐकणारा. नामानानं देऊ केलेली आणि अलीशानं नाकारलेली भेट याच्या डोळ्यांत भरते. धावत जाऊन नामानाला गाठतो, धन्याच्या नावावर खोटं बोलतो, चांदी आणि कपडे आणून घरात ठेवतो आणि वर म्हणतो, मी कुठे गेलोच नव्हतो. नामानाचं कोड त्याला लागतं. गेहजी कुठल्याही देवळात वाकलेला नव्हता.

आता आपल्याकडे बघू. नगर, जालना, सोलापूर भागातल्या कितीतरी मंडळ्या महार-मांग वस्त्यांतूनच उभ्या राहिल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन चुलतभावांत बौद्ध असलेल्याला सवलत आणि बाप्तिस्मा घेतलेल्याला नाही. मग कुणी कागदावर हिंदू राहतो आणि रविवारी उपासनेत मागच्या बाकावर बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करायचा, हे चालणार नाही. लगेच आपल्या ग्रुपवर 'तडजोड करणारे' म्हणून अशा मुलांवर दगड सुरू झाले.

मी ते प्रमाणपत्र बरोबर म्हणत नाही. खोटं ते खोटंच. पण दगड कोण मारतंय? ज्यांना घरी स्थळ आलं की पहिला प्रश्न पडतो, "ख्रिस्ती आहेत ते ठीक, पण मूळचे कोण?" प्रभुभोजनाच्या एकाच भाकरीतून तुकडा घेतात आणि सोयरीक मात्र पणजोबांची जात बघूनच जुळवतात. गरिबाचं पोर फीसाठी जात कागदावर ठेवतं. आपण ती रक्तात ठेवली, तीही फुकट, कुठलीच अडचण नसताना. हे पाप म्हणून व्यासपीठावरून एकदा तरी ऐकलंय का कुणी? (चर्चच्या जमिनींचे व्यवहार, ट्रस्टच्या निवडणुका आणि विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर घातलेल्या केसेस यावर बोलायला लागलो तर रात्र सरेल.)

आणखी एक. आज्ञाधारक म्हणजे पाळकसाहेबांचं आणि कमिटीचं निमूट ऐकणारा, असा अर्थ आपण करून ठेवलाय. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या मठातल्या सिस्टरांशीच वाद घातले. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी कळवून टाकलं. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावानं बोलणाऱ्याची आज्ञा यांत त्यांनी गल्लत केली नाही.

त्याच रमाबाई पुढे पुण्यात शारदा सदन ही मुली आणि विधवांसाठीची निवासी शाळा चालवत होत्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, हा करार. पण स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार लावून घ्यायला त्यांनी नकार दिला. मुली येऊन बसू लागल्या, ओरड झाली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही. तटस्थतेच्या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. पण आपली प्रार्थना लपवायची नाही, हे ठरवल्यावर त्याची किंमत बाईंनी स्वतः भरली. दुसऱ्या कुणाला भरायला लावली नाही. नेमकं हेच आपल्या निष्ठेत दिसत नाही. आपल्या निष्ठेची किंमत नेहमी शेजारच्या वहिनी किंवा मागच्या बाकावरचं पोर भरतं.

आमच्या घरात सध्या भाचीसाठी स्थळं येताहेत. 'मूळचे कोण' विचारणाऱ्याला 'ख्रिस्ती' एवढंच उत्तर द्यायचं, असं तिच्या आईबापांनी ठरवलंय. त्यावरून काही स्थळं परत गेली. नात्यातल्या एक ज्येष्ठ बाई, ज्या दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना चालवतात, त्यांनी फोन करून समजावलं की पोरीचं वय वाढतंय, जरा व्यवहार बघा. भाचीनंच फोन घेतला आणि म्हणाली, "आत्या, पुढच्या शुक्रवारी प्रार्थनेत हाच विषय घ्या ना, मी येते."

अजून बोलावणं आलेलं नाही.