‘जुना वायरमन’ यांना उत्तर: ट्रेलर, रॉड आणि न्यूट्रल

ट्रेलरच्या ऑफ-ग्रिड (सोलर पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या) वायरिंगवर मी लेख लिहिला होता, त्यात इन्व्हर्टरचा न्यूट्रल चॅसिसला जोडायला सांगितलं होतं. त्याखाली ‘जुना वायरमन’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो: “जमिनीत रॉड नाही तर अर्थिंग नाही. न्यूट्रल बॉडीला जोडणे म्हणजे बॉडीत करंट सोडणे. पॅनेलच्या फ्रेमची अर्थिंग आकृतीत नाही, बॅटरीची मायनस चॅसिसला का जोडली त्याचा पत्ता नाही. यूट्यूब बघून इलेक्ट्रिशियन झालेल्यांनी लोकांचे जीव घेऊ नयेत.”

साहेब, माझा वायरमन परवाना यूट्यूब निघायच्या आधीचा आहे. शंका असती तर विचारायची होती, उत्तर दिलंच असतं. ‘जीव घेऊ नका’ ही शंका नव्हे. आणि टोपणनावाआडून दुसऱ्याची लायकी काढायला परवाना लागत नाही, हेही खरं.

पॅनेलच्या फ्रेमचं मात्र मान्य. मजकुरात होतं, आकृतीत राहून गेलं. ४ स्क्वेअर एमएमची हिरवी-पिवळी वायर फ्रेमच्या अर्थ-भोकाला, मध्ये दातेरी वॉशर घालून, कारण अ‍ॅल्युमिनियमवरचा अ‍ॅनोडाइझचा थर करंट जाऊ देत नाही. आकृती दुरुस्त केली आहे. झालं?

आता तुमचं ते न्यूट्रलचं वाक्य. ते तुमचं एकट्याचं नाही, दर दुसरा माणूस हेच ऐकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे नाहीत, हे बरोबर. का नाहीत? कारण ते आधीच जोडलेले असतात, गावातल्या डीपीवर. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच अर्थ केलेला असतो. घरात पुन्हा जोडलं तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरमधून वाहायला लागतो. म्हणजे नियम ‘कधीच जोडू नका’ असा नाही. ‘एका सप्लायला एकदाच, सप्लायच्या उगमाशी’ असा आहे. माळरानात उभ्या ट्रेलरला डीपी कुठून आणणार? तिथे उगम म्हणजे तुमचा इन्व्हर्टर. जोड तिथेच हवा.

नाही जोडला तर काय होतं ते पाहा. इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा तरंगत्या राहतात, म्हणजे अर्थशी कुठेच जोडलेल्या नसतात. फ्रिजच्या आत फेज बॉडीला टेकला, तर त्या करंटला इन्व्हर्टरकडे परतायला वाटच नाही. एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) पडत नाही, आरसीसीबी (करंटच्या गळतीला पडणारा स्विच) पडत नाही, फ्रिज थंड करत राहतो. तुम्ही म्हणाल, मग शॉकही बसणार नाही. पहिल्या फॉल्टला बहुधा नाहीच बसणार. पण तो फॉल्ट कळत नाही, तसाच पडून राहतो. पुढे न्यूट्रल कुठे उघडा पडला आणि एक हात त्याला, दुसरा फ्रिजला लागला, की माणूस फेज-न्यूट्रलच्या मध्ये येतो. त्याच्यातून जाणारा करंट आरसीसीबीला साध्या बल्बच्या लोडसारखाच दिसतो. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात तरंगता सप्लाय मुद्दाम ठेवतात, पण पहिल्या फॉल्टला ओरडणारा इन्सुलेशन मॉनिटर सोबत असतो. ट्रेलरमध्ये तो कोण बसवतो?

आता रॉड. तरंगत्या इन्व्हर्टरच्या ट्रेलरला रॉड ठोकला, तर काडीचाही फरक पडत नाही, कारण जमिनीतून इन्व्हर्टरकडे परतीची वाट नाही. न्यूट्रल जोडून, जमिनीच्या भरवशावर फॉल्ट तोडायचा म्हटला तरी हिशोब बसत नाही. मुरमात ठोकलेल्या रॉडचा रेझिस्टन्स ५० ओहम धरा. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. सी-कर्व्हचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात. सह्याद्रीच्या कातळावर रॉड वीतभरही जात नाही, आणि मीठ-कोळशाचा खड्डा ट्रेलरमागे ओढत नेता येत नाही. फॉल्टचा करंट मातीतून नाही, तांब्यातून परतायला हवा: फ्रिजची बॉडी, अर्थची वायर, चॅसिसवरचा बोल्ट, लिंक (न्यूट्रल आणि अर्थ जोडणारी तार), इन्व्हर्टर. आणि ३ केव्हीएचा इन्व्हर्टर सलग जेमतेम १३ अँपिअर देतो, त्यामुळे शॉर्ट सर्किटलाही एमसीबी पडेलच याची खात्री नाही. खरा राखणदार ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

त्याची जागा चुकते ती अशी. क्रम हवा इन्व्हर्टर, मग लिंक, मग आरसीसीबी, मग एमसीबी. पुष्कळ जण लिंक डिस्ट्रिब्युशन बोर्डात मारतात, आरसीसीबीच्या नंतर, कारण न्यूट्रलची आणि अर्थची पट्टी तिथे शेजारी-शेजारी असते. मग फॉल्टचा करंट परतताना आरसीसीबीच्याच न्यूट्रल पोलमधून जातो, आत-बाहेर सारखं भरतं आणि तो ढिम्म हलत नाही. वर टेस्टचं बटण दाबलं की पडतो, म्हणून मालक खूश! ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये करंट पाठवतं, त्याला अर्थिंगची गरजच नसते. तरंगत्या सप्लायवरही ते चालतं.

खरी चाचणी १५ वॅटच्या तारेच्या बल्बची, एलईडी नको. सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये लावा, लीड इन्सुलेटेड. १५ वॅट म्हणजे ६५ मिलिअँपिअर. आरसीसीबी तत्काळ पडला पाहिजे. बल्ब पेटून राहिला तर लिंक चुकीच्या बाजूला आहे किंवा आरसीसीबी मेला आहे. पेटलाही नाही आणि काही पडलंही नाही, तर लिंक नाही किंवा अर्थची वायर तुटली आहे. डिजिटल मीटरवर इथे विसंबू नका. तरंगत्या तारेवर तो ८०-१००-१२० असे भुताटकीचे व्होल्ट दाखवतो आणि लोक त्यालाच ‘बॉडीत करंट’ म्हणतात.

एक अट लेखात ठळक अक्षरांत होती, ती तुम्ही वाचलेली दिसत नाही: इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच लिंक मारायची. काही स्वस्त इन्व्हर्टरांच्या दोन्ही तारा मध्यापासून ११५-११५ व्होल्टवर असतात. तिथे लिंक मारली की आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) गेलेच. असा इन्व्हर्टर ट्रेलरमध्ये घ्यायचाच नाही.

बाहेरचा सप्लाय घेताना ही लिंक सुटली पाहिजे, नाहीतर जोड दोन होतात आणि तुम्ही म्हणता तो ‘बॉडीत करंट’ खरोखर येतो. व्हिक्ट्रॉनच्या मल्टिप्लससारख्या यंत्रात हे काम आतला ग्राउंड रिले करतो. साध्या इन्व्हर्टरला डबल पोल चेंजओव्हर (एका सप्लायवरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) लावा आणि लिंक त्याच्या इन्व्हर्टरकडच्या टर्मिनलवर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलले पाहिजेत. फक्त फेज बदलणारा चेंजओव्हर पैसे वाचवतो आणि न्यूट्रल दोन्हीकडे जोडलेला ठेवतो. इनलेटची (बाहेरचा सप्लाय जिथे ट्रेलरला जोडतो त्या सॉकेटची) अर्थ मात्र चॅसिसला कायम, तिला कुठल्याही स्विचमधून न्यायचं नाही. आणि इनलेटशीच आणखी एक आरसीसीबी, म्हणजे चेंजओव्हरपर्यंतची केबलही त्याच्या पहाऱ्यात येते.

रॉडचा उपयोग खरा असेल तर इथे. ढाब्याच्या सॉकेटची अर्थ-पिन बहुतेकदा शोभेची असते. अशा सप्लायवर चॅसिसला रॉड जोडला, तर १०० ओहमच्या रॉडमधूनही २.३ अँपिअर गळतात आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाचा हात लागण्याआधी पडतो. ही केस तुम्ही मांडली असती तर मी आभार मानले असते. तुम्ही मांडली नाहीत.

चॅसिसच्या बोल्टबद्दल कोणीच विचारत नाही, आणि नेमका तोच सडतो. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढायचं, ६ स्क्वेअर एमएमची वायर, क्रिम्प केलेलं थिंबल, दातेरी वॉशर, एम-८ बोल्ट, वरून ग्रीस. सांध्याची परीक्षा मीटरच्या ओहमने होत नाही. १२ व्होल्ट ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन बॅटरीचा करंट सांध्यातून सोडा, साधारण ४.६ अँपिअर जातात. सांध्यावर ४६ मिलिव्होल्ट पडले तर रेझिस्टन्स ०.०१ ओहम, उत्तम. ४०० च्या घरात गेले तर उघडून पुन्हा घासा. बिजागऱ्या आणि टो-बॉल ही अर्थची वाट धरायची नाही.

बॅटरीची मायनस चॅसिसला एकाच जागी, आणि फ्यूज उडवण्याइतकी जाड. कारण लेखातच आहे, वाचा. आयएस ३०४३ मध्येही, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकात, थोडं डोकवा.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तुमच्या ट्रेलरची तीन रीडिंग टाका: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. आणि १५ वॅटच्या बल्बने काय केलं तेही.