'रिसर्चवाल्यांना सही देऊ नका' या मेसेजला उत्तर

सध्या ट्रान्स लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दवाखान्यातल्या सेवांवर रिसर्च करतो म्हणून लोक येतात, फॉर्मवर सही घेतात, सही झाली की मागे फिरता येत नाही, नावं सरकारकडे जातात, हार्मोनचे प्रयोग करतात, नाही म्हणालात तर उपचार बंद, आणि शेवटी त्यांना पीएचडी मिळते, आपल्याला चहा-बिस्कीट. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. चहा-बिस्किटाचं सोडलं तर बाकी सगळं एकतर चूक आहे नाहीतर अर्धवट, म्हणून एकेक घेते.

सही केली की अडकलात, हे आधी. आयसीएमआरची (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सरळ लिहिलंय की भाग घेणारा कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो. आपली सही म्हणजे घराचं साठेखत नाही. सहीच्या आधी माहितीपत्रक द्यावं लागतं, तेही आपल्याला कळेल अशा भाषेत, आणि त्याची एक प्रत आपल्याकडे राहते (ती मागून घ्या, बरेचजण देत नाहीत आणि आपणही विचारत नाही). एक मात्र खरंय की आकडे एकत्र करून पेपर छापून झाल्यावर त्यातून आपलं उत्तर वेगळं काढता येत नाही, त्यामुळे बाहेर पडायचं तर लवकर पडा.

'नाव सरकारकडे जातं' यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी २०२० पासून जे नॅशनल पोर्टल आहे तिथे नाव, फोटो, कागदपत्रं आपण स्वतःच टाकतो, अर्ज कलेक्टरकडे जातो. रिसर्चमध्ये मुलाखतीवर सहसा कोड नंबर असतो आणि सहीचे फॉर्म वेगळे कुलपात ठेवायचे असतात. सहीच नको असेल तर एथिक्स कमिटीच्या (रिसर्चला मंजुरी देणारी आणि त्यावर लक्ष ठेवणारी समिती) परवानगीने तोंडी संमतीही चालते, विचारा. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, जी मेसेजमध्ये नाहीच. नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो. 'अमुक तालुक्यातली, नर्सचं काम करणारी, वय ३०' एवढं छापलं की त्या तालुक्यात कोण ते सगळ्यांना कळलंच ना! ट्रान्समेन (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) तर बऱ्याच शहरांत एकमेकांना नावानिशी ओळखतात. आणि ग्रुपमध्ये बसवून बोलायला लावतात तेव्हा रिसर्चवाला गुप्तता पाळेल हो, पण समोर बसलेली दुसऱ्या डेऱ्याची (हिजड्यांच्या दुसऱ्या घराण्याची) चेली पाळेलच असं नाही. घरची गोष्ट किंवा ऑपरेशनचं काही सांगायचं असेल तर एकटीशी बोला म्हणायचं.

आता हार्मोनचे प्रयोग. सेवांवरचा बहुतेक रिसर्च म्हणजे प्रश्न असतात, ओपीडीत कुठल्या रांगेत उभं केलं, केसपेपरवर कुठलं नाव लिहिलं, गोळ्या कोणी लिहून दिल्या, खर्च किती आला, परत का गेला नाहीत. यात कोणी इंजेक्शन देत नाही. नवीन औषधाची ट्रायल असेल तर तिचा कायदा वेगळा, २०१९ च्या नियमांप्रमाणे सरकारी परवानगी लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि ट्रायल सीटीआरआय नावाच्या रजिस्ट्रीत नोंदवावी लागते जी मोबाईलवर कोणालाही फुकट बघता येते. नंबर मागा, टाकून बघा, नसेल तर उठा.

लोक घाबरतात ते उगाच नाही हेही मान्य करते. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) लस दिली त्या प्रकल्पात काही ठिकाणी पालकांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पण तो प्रकार बाहेर आला तो कोणीतरी जाऊन विचारपूस केली म्हणूनच.

आणि प्रयोगाचंच म्हणाल तर तो आत्ता चालूच आहे, मेडिकलच्या काउंटरवर! किती जणी कुणीतरी सांगितलं म्हणून माला-डी सारख्या गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला दोन-तीन घेतात, ना रक्ततपासणी ना बीपी. त्यात एथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन असतं. हे औषध घेत असलेल्या ट्रान्स बायकांमध्ये हृदयविकाराने मरण्याचा धोका वाढलेला दिसला, हे कळलं कसं, तर ॲमस्टरडॅमच्या क्लिनिकने आपल्या पेशंटची वर्षानुवर्षांची नोंद ठेवून अभ्यास केला म्हणून. त्याच क्लिनिकने १९७२ ते २०१५ मधल्या ६,७९३ जणांचे रेकॉर्ड तपासले, आणि ज्यांची अंडकोष किंवा अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात पश्चात्ताप झालेल्या ट्रान्स बायका ०.६ टक्के आणि ट्रान्स पुरुष ०.३ टक्के निघाले. (बरेचजण नंतर क्लिनिकला आलेच नाहीत, त्यामुळे आकडा जपून वापरायला हवा, तेही त्यांनीच लिहिलंय.) टीव्हीवर कोणी 'हे सगळे नंतर पस्तावतात' म्हणालं की आपण हाच आकडा तोंडावर फेकतो. म्हणजे डच लोकांनी स्वतःची माहिती दिली ती आपल्याला चालते, आपली द्यायची वेळ आली की मेसेज फॉरवर्ड.

'नाही म्हटलं तर उपचार बंद' याला नियमात उत्तर साफ आहे, नकाराचा उपचारावर परिणाम होता कामा नये. पण कागदावरचं साफ आणि केबिनमधलं साफ यात फरक असतो. जो डॉक्टर हार्मोन-सर्जरीसाठी आपलं लेटर लिहिणार तोच फॉर्म पुढे सरकवतो तेव्हा नाही म्हणायला जीभ उचलत नाही. अशा वेळी 'डॉक्टर, घरी नेऊन वाचते' एवढंच म्हणायचं, ते चिडले तर माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा फोन असतो. नियमाप्रमाणे त्या कमिटीचा अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असतो, शिवाय वकील आणि एक सामान्य नागरिक असतो, त्यामुळे तक्रार परत त्याच डॉक्टरच्याच टेबलावर जाईल असं नाही.

चहा-बिस्किटाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते हे त्याच आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे, मग दुकानादुकानांत बाजार (पैसे) मागायला जाणारीचा अख्खा दिवस घेऊन तिला पार्ले-जी कशाला? प्रोजेक्टच्या बजेटमध्ये लॅपटॉप बसतो आणि आपलं रिक्षाभाडं बसत नाही? आणि निष्कर्ष इंग्रजी जर्नलमध्ये जातात, ज्यांनी उत्तरं दिली त्यांना मराठीत दोन पानं सुद्धा परत मिळत नाहीत. यावर भांडायलाच हवं, सही करण्याआधी भांडायला हवं, कारण नंतर फोन उचलत नाहीत. टीममध्ये आपल्यातलं कोणी आहे का हे पण विचारा. मुंबईच्या हमसफर ट्रस्ट या आपल्या लोकांच्याच संस्थेने तर स्वतःची एथिक्स कमिटीच केली, म्हणजे अशक्य काही नाही.

पण म्हणून दार लावून घ्यायचं? कल्याण आणि पुण्यातली ट्रान्स लोकांसाठीची मित्र क्लिनिक २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली कारण पैसा अमेरिकेचा होता आणि तो तिकडून थांबला. आता तीच सेवा सरकारी हॉस्पिटलात द्या म्हणायला गेलं की पहिला प्रश्न येतो, किती लोक आहेत आणि त्यांना नेमकं काय लागतं. २०११ च्या जनगणनेत 'इतर' म्हणून सगळ्या देशात ४,८७,८०३ जण मोजले, त्यात पुरुष म्हणून राहणारे ट्रान्समेन किती आले असतील? उलट एचआयव्हीचं बघा, २०१७ च्या नॅकोच्या (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) पाहणीत आपल्यात प्रमाण ३.१४ टक्के निघालं आणि देशातल्या सगळ्या प्रौढांचा अंदाज ०.२२ टक्के होता, असे आकडे आहेत म्हणून एचआयव्हीसाठी आपल्या नावाने वेगळा कार्यक्रम चालतो. हार्मोन आणि सर्जरीसाठी असा आकडा दाखवा म्हटलं तर आपल्याकडे व्हॉट्सॲपवरचे किस्से आहेत. २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याच्या कलम १५ मध्ये आरोग्यसेवेबरोबर संशोधनाचाही उल्लेख होता, तो कागदावरच राहिला तर त्यात सोय सरकारचीच.

अठराच्या आतल्या मुलांचं वेगळं आहे. त्यांना स्वतःची तयारी आणि शिवाय पालकांची संमती दोन्ही लागतं, यात सूट फक्त एथिक्स कमिटी देऊ शकते. घरी काहीच सांगितलेलं नाही अशा पोराकडून कोणी परस्पर फॉर्म भरून घेत असेल तर तो फिरणारा मेसेज तेवढ्यापुरता खरा धरा, फॉर्मचा फोटो काढा आणि कमिटीला लगेच फोन लावा.