ब्लॉक वाटले की ऑर्डरी आपोआप देशात येतात, हे खरं नाहीये

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. दावा थोडक्यात असा: समुद्रातल्या तेल-गॅसच्या ब्लॉकांचे (शोधासाठी आखलेल्या तुकड्यांचे) परवाने भराभर वाटा, देशातल्या जहाजबांधणी यार्डांना आणि कारखान्यांना काम आपोआप मिळतं, ब्रिटनच्या नॉर्थ सीमध्ये तर ७०-८० टक्के ऑर्डरी ब्रिटिश कंपन्यांनाच गेल्या, आणि स्थानिक खरेदीच्या अटी घातल्या की परदेशी कंपन्या पळून जातात. बरेच जण यावरून धोरणाबद्दल मत बनवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"परवाना दिला की काम सुरू." नाही होत. परवाना म्हणजे शोधायचा हक्क, बस. पहिली काही वर्षं सिस्मिक सर्व्हे (ध्वनिलहरींनी समुद्रतळाखालची पाहणी) आणि एक-दोन विहिरी, आणि त्यासाठी लागणारं जहाज काय किंवा विहीर खोदणारी रिग काय, दोन्ही भाड्याने येतात आणि विहीर झाली की दुसऱ्या देशात जातात. विहीर कोरडी निघाली तर विषयच संपला. मोठा पैसा, म्हणजे प्लॅटफॉर्म, एफपीएसओ (तेल काढून साठवणारं तरंगतं जहाज), पाइपलाइन, समुद्रतळावरची यंत्रणा, हे सगळं गुंतवणुकीचा शेवटचा निर्णय झाल्यावरच येतं. नायजेरियाचं एजिना हे तेलक्षेत्र २००३ ला सापडलं, तेल आलं २०१८ च्या डिसेंबरात. ब्रिटनचं क्लेअर १९७७ चं, उत्पादन २००५ ला. गयानाचं लिझा २०१५ ला सापडून २०१९ ला सुरू झालं, खूपच फास्ट, पण तिथलं पहिलं एफपीएसओ सिंगापूरच्या यार्डात तयार होऊन आलं आणि स्थानिक खरेदीचा कायदा झाला २०२१ च्या शेवटी, म्हणजे तेल सुरू होऊन दोन वर्षं उलटल्यावर.

"ब्रिटनला ७०-८० टक्के मिळाले, तेही कुठलीही सक्ती नसताना." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. ब्रिटनची पहिली परवाना फेरी (सरकार एकदम बरेच ब्लॉक वाटायला काढतं ती) १९६४ ची. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७२ ला, सरकारनेच नेमलेल्या सल्लागारांनी पाहणी केली तर ब्रिटिश कंपन्यांचा वाटा साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे परवाने होते, सापडलेलं तेल-गॅस होतं, घरचे जहाजबांधणीचे यार्ड होते, आणि तरी काम बाहेर जात होतं, कारण अमेरिकन ऑपरेटर, म्हणजे तेलक्षेत्र चालवणाऱ्या कंपन्या, मेक्सिकोच्या आखातातले ओळखीचे सप्लायर सोबत घेऊन आले होते, त्यांची स्पेसिफिकेशन्स पण तिकडचीच. मग १९७३ ला सरकारने ऑफशोर सप्लाइज ऑफिस काढलं. हे ऑफिस ऑपरेटरकडून दर तिमाहीला ऑर्डरींचा हिशोब मागायचं, टेंडर कोणाकोणाला पाठवलं ते बघायचं, ब्रिटिश कंपनीला संधीच दिली नसेल तर जाब विचारायचं. १९७५ ला या तेल कंपन्यांच्या संघटनेशी 'पूर्ण आणि न्याय्य संधी'चा लेखी समझोता झाला. आणि बहुतेक परवाने लिलावाने नाही तर सरकारच्या निर्णयाने दिले जायचे, त्यामुळे आज चुकारपणा केला तर पुढच्या फेरीत आपलं काय होईल ही धास्ती प्रत्येक ऑपरेटरला होती. १९७४ ला ४० टक्क्यांच्या आसपास असलेला वाटा दशक संपेपर्यंत ८० च्या जवळ गेला तो यामुळे. पोस्टवाले जो आकडा मिरवतायत तो सरकारी दबावाचा आहे.

तरी तोही आकडा जसाच्या तसा घेऊ नका. त्यात ब्रिटनमध्ये रजिस्टर झालेल्या परदेशी कंपन्यांच्या शाखाही 'ब्रिटिश' म्हणून धरल्या जायच्या, यावर तेव्हाही टीका झाली होती. साधं उदाहरण घ्या, एक मोठा व्हॉल्व्ह बाहेर बनला, देशातल्या एका ट्रेडिंग कंपनीने आयात केला, वर कमिशन लावून स्वतःच्या लेटरहेडवर बिल फाडलं. बिल देशी, तर आकड्यात पूर्ण रक्कम देशी खरेदी. प्रत्यक्षात देशात काय राहिलं? कमिशन आणि एक क्लार्कचा पगार, ना वेल्डर शिकला ना कुठे फाउंड्री उभी राहिली. ब्राझीलने म्हणून वेगळं सूत्र आणलं, वस्तूच्या किमतीतून आयात भाग वजा करायचा आणि उरेल तेवढंच स्थानिक धरायचं, तेही बाहेरच्या प्रमाणपत्रासह. गयानाच्या कायद्यात कंपनी स्थानिक ठरायला ५१ टक्के मालकी गयानीज लागते, पण तिथेही नावापुरता स्थानिक भागीदार उभा करायच्या तक्रारी झाल्याच. तेव्हा कोणी टक्केवारी सांगितली की आधी विचारा, कशाची टक्केवारी?

"अटी घातल्या की कंपन्या पळतात." नॉर्वेने १९७२ च्या आदेशातच लिहिलं होतं की दर्जा, किंमत आणि डिलिव्हरी यात तोडीचा असेल तर नॉर्वेचा माल घ्यायचा. पुढे १९७९ पासून जी कंपनी नॉर्वेत संशोधनावर पैसा घालेल तिचं पारडं परवाना देताना जड व्हायचं. कोण पळालं? उलट रांग लागली. पण अट 'तोडीचा असेल तर' अशी होती, वाट्टेल त्या किमतीला घ्या अशी नव्हती, आणि १९९४ ला युरोपशी आर्थिक करार झाला तेव्हा प्राधान्य काढलंही, तोवर तिथल्या कंपन्या बाहेर काम मिळवण्याइतक्या तयार झाल्या होत्या.

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते ब्राझीलमुळे. तिथे स्थानिक खरेदीचे टक्के चढवत नेले, बोलीतही त्याला गुण होते, आणि नसलेल्या यार्डांच्या भरवशावर रिगची ऑर्डरबुक भरली. त्या रिगसाठी २०१० ला काढलेली सेते ब्राझील कंपनी २०१६ ला दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. २०१५ च्या फेरीत २६६ पैकी फक्त ३७ ब्लॉक गेले (तेलाचे भाव कोसळले होते हेही खरं, आणि पेट्रोब्रास या तिथल्या सरकारी तेल कंपनीचा भ्रष्टाचार गाजत होता). २०१७ ला टक्के खाली आणले, समुद्रातल्या शोधकामासाठी १८ टक्के. म्हणजे चूक अट घालण्यात नव्हती, यार्डाची क्षमता न बघता आकडा लिहिण्यात होती. नायजेरियाचं एजिना बघा, तिथलं ३३० मीटरचं एफपीएसओ कोरियात बनलं, कारण तेवढी गोदी नायजेरियात नव्हतीच, पण त्याच्या डेकवर बसणाऱ्या मॉड्यूल्सपैकी (यंत्रणेच्या मोठ्या सुट्या भागांपैकी) सहा नायजेरियात बनली आणि २०१८ च्या जानेवारीत जहाज लागोसला आणून तिथल्या यार्डात बसवली. झेपेल तेवढंच मागितलं, आणि ते झालं.

आणि यातलं सगळं ठरतं फेरी जाहीर व्हायच्या आधी. ऑपरेटरने वार्षिक खरेदीचा आराखडा आधी दाखवायचा की नाही, टेंडर छोट्या भागांत फोडायचं की एकगठ्ठा द्यायचं, मोजणी कोण करणार, दंड किती, हे मसुद्यात नसेल तर करार सही झाल्यावर त्यात घुसवणं फार अवघड असतं. त्यामुळे ही पोस्ट पुढे पाठवण्यापेक्षा पुढच्या फेरीचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा तो उघडून ही चार कलमं शोधा.