‘एक्सक्लूजन म्हणजे पैसे कधीच मिळत नाहीत’ : या फॉरवर्डमुळे नुकसान होतंय

आरोग्य विम्याबद्दलचा एक मेसेज कुटुंबांच्या ग्रुपवर सतत फिरतो. त्याचा मथितार्थ असा : पॉलिसीत ‘एक्सक्लूजन’ (वगळलेली बाब) म्हणून लिहिलेल्या आजाराचे पैसे कधीच मिळत नाहीत. शुगर-बीपी असेल तर पॉलिसी घेऊन उपयोग नाही. घेतलीच तर फॉर्मवर आजार लिहू नका, पाच वर्षांनी कंपनीला पैसे द्यावेच लागतात. आणि कंपनीने ‘एक्सक्लूजन’ म्हटलं की विषय संपला.

‘कधीच मिळत नाहीत’

विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि त्यांना ०१ ते १८ क्रमांक दिले. त्यातले पहिले तीन फक्त मुदतीचे आहेत, म्हणजे ठरलेला काळ संपला की पैसे मिळू लागतात. ०१ : आधीपासूनचा आजार, आता जास्तीत जास्त ३६ महिने. ०२ : मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, सांधेबदल अशी यादी, बहुतेक पॉलिसींत २४ महिने. ०३ : पहिले ३० दिवस कोणताही आजार नाही, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून. एकच आजार ०१ आणि ०२ दोन्हींत बसला, तर जास्त लांबीची मुदत लागते. एजंट हे क्वचितच सांगतात.

बाकीच्यांतही अटी आहेत. चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीच वगळलेली आहे. सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना नाही.

‘शुगर-बीपी असेल तर उपयोग नाही’

मुदतीत वगळला जातो तो आजार आणि त्याची थेट गुंतागुंत. मधुमेह असलेल्याचं पहिल्या वर्षी पाय मोडण्याचं बिल मिळतं, ३० दिवसांनंतर डेंग्यूचंही मिळतं. मधुमेहाने बिघडलेल्या मूत्रपिंडाचं मिळत नाही. ३६ महिने पॉलिसी न खंडता चालवली की तेही मिळू लागतं. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. आणखी एक खाच : विमा रक्कम ५ लाखांवरून १० लाख केली, तर वाढलेल्या ५ लाखांसाठी मुदत नव्याने मोजली जाते.

‘आजार लिहू नका’

सगळ्यात घातक सल्ला हाच. एप्रिल २०२४ पासून सलग ६० महिन्यांनंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, हे खरं. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे. आजार माहीत असताना ‘नाही’वर खूण करून सही करणं फसवणुकीतच मोडू शकतं. ६० महिन्यांच्या आत सापडलं तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

सापडतं कसं? दाखल होताना डॉक्टर केस पेपरवर ‘के/सी/ओ डीएम, ६ वर्षं’ (म्हणजे सहा वर्षांपासून मधुमेह) असं लिहितात आणि तो कागद क्लेमबरोबर जातो. इथेच प्रामाणिक माणसंही अडकतात. घाबरलेला नातेवाईक दोन वर्षांची शुगर ‘दहा वर्षांची’ सांगतो आणि तीच नोंद राहते. डिस्चार्जआधी इतिहासाचा कागद वाचा. चुकला असेल तर जुने रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह लेखी दुरुस्ती घ्या. नंतर आणलेल्या दुरुस्तीवर कंपनी संशय घेते.

क्रमांक ०४ मुळेही बरेच क्लेम जातात : केवळ तपासण्यांसाठी दाखल होणं. प्रत्यक्षात सलाईन, इंजेक्शनं दिली असतील, पण डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘निरीक्षणासाठी’ असेल, तर कंपनी तेवढंच वाचते. दिलेला प्रत्येक उपचार कार्डावर आहे का, ते पाहा.

‘विषय संपला’

संपत नाही. एक्सक्लूजन लागू होतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं नेमकं कलम हवं. ते कलम स्वतःच्या पॉलिसीत शोधा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोव्याच्या तक्रारी मुंबईकडे जातात. अर्जासोबत नकाराचं पत्र, पॉलिसीची पूर्ण प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि आजाराचं पहिलं निदान दाखवणारा रिपोर्ट जोडा. ०१ च्या वादात हा शेवटचा कागद सर्वांत मोलाचा असतो.