गौताळ्यात गाडी गेटावर थांबू द्या

पावसाळा लागला की एक मागणी हमखास कानावर येते. कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यातला रस्ता रुंद करा, तिथल्या तळ्यापाशी मोठं पार्किंग करा, दोन-चार सेल्फी पॉइंट उभारा, म्हणजे मराठवाड्याचं पर्यटन वाढेल. मला नेमकं याच्या उलट म्हणायचंय. सुट्टीच्या दिवशी गाड्या गेटावरच थांबवा. आतल्या पाऊलवाटा नीट बांधा, त्यांना खुणा करा, दरवर्षी त्यांची डागडुजी करा आणि त्या वाटांनी माणसं नेण्याचं काम आसपासच्या तांड्यांवरच्या, वाड्यांवरच्या पोरापोरींना मोबदल्यानं द्या. पोस्ट लांबणार आहे, पण हा विषय दोन ओळींत मावणारा नाही.

मी कन्नड तालुक्यात भूगोल शिकवतो. सातमाळा-अजिंठ्याची रांग फळ्यावर काढली की पोरं विचारतात, "सर, म्हणजे आपला घाटच ना?" हो, आपलाच घाट. पण तो घाट त्यांनी पाहिलेला असतो एसटीच्या खिडकीतून, चाळीसगावला लग्नाला जाताना. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं पुढं काय होतं, हे त्या खिडकीतून दिसत नाही. कड्याच्या उत्तरेला पडलेलं पाणी खाली खानदेशात उतरतं आणि गिरणेतून तापीला मिळतं. अलीकडं पडलेलं पाणी शिवना घेते, ती गोदावरीला देते आणि ते नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, जमा होतं. संभाजीनगरच्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं, त्यातलं काही याच डोंगरावर पडलेलं असतं. टँकरच्या रांगेत मोठा झालेला आपला भाग. त्यातल्या पोरांना पाणी कुठून सुरू होतं ते पायाखाली बघायला मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. गाडीत बसून ते दिसत नाही. त्यासाठी ओहोळाच्या काठाकाठानं वर चढावं लागतं.

गौताळा-औट्रम घाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर, थोडं आपल्या जिल्ह्यात, थोडं जळगावात. या डोंगराची एक गंमत बाहेरच्यांना कळत नाही. आपल्या बाजूनं जाताना आपण डोंगर चढतोय असं वाटतच नाही. माळ हळूहळू वर सरकत राहतो, शेतं संपतात, पळस, धावडा, सालई, अंजन सुरू होतात आणि एकदम पायाखालची जमीन तुटते. समोर शेकडो फूट सरळ कडा आणि खाली पसरलेला खानदेश. त्यामुळं "मराठवाड्यात कुठले डोंगर" असं पुण्या-नाशिकची मित्रमंडळी म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. त्यांना पितळखोऱ्याला घेऊन जातो.

पितळखोऱ्याची लेणी वरून दिसत नाहीत. पठारावरून पायऱ्यांनी खाली घळीत उतरावं लागतं, तेव्हा कुठं ओढ्याकाठचे हत्ती आणि द्वारपाल समोर येतात. इसवीसनाच्या आधीची, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या जवळपासच्या काळातली ही लेणी. इथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यात पैठणचे लोक आहेत. मितदेव नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी त्यातलाच एक. इथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर घडवणाऱ्यानं आपलं नावही कोरलंय, कान्हदास, धंद्यानं सोनार. आता विचार करा, पैठणचा माणूस इतक्या दूर आडरानातल्या घळीत दान का देतो? कारण तेव्हा हे आडरान नव्हतं. गोदाकाठच्या पैठणहून घाट उतरून खानदेशात आणि पुढं उत्तरेला जाणारी ये-जा या डोंगरातून होती. व्यापारी, भिक्खू, बैलांचे तांडे, सगळे या रांगेतून खाली उतरत.

त्या उतरणीवरून आजही चालत जाता येतं. पितळखोऱ्याच्या खोऱ्यातून खाली पाटणादेवीला निघालं की आपण मराठवाड्यातून खानदेशात पायी उतरतो. पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा कोसळत असतो, ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याला लागतं. खाली चंडिकादेवीचं जुनं देऊळ. याच पाटणच्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. वर बौद्ध लेणी, खाली गणिताचा मठ आणि दोन्हींना जोडणारी एक वाट. असं एका दिवसाचं चालणं दुसऱ्या कुठल्या राज्यात असतं, तर त्याची पुस्तिका निघाली असती, नकाशे छापले गेले असते. आपल्याकडं त्या वाटेवर धड एक बाण रंगवलेला नाही. माहीतगार सोबत नसेल तर माणूस ढोरवाटेला लागतो आणि करवंदीच्या जाळीत अडकतो.

असे माहीतगार अजून आहेत. गुरं राखण्यात आयुष्य गेलेले एक मामा मला या डोंगरात भेटतात. एकदा मोबाइलवरचा नकाशा त्यांना दाखवला तर म्हणाले, "गुरुजी, हे ठीक हाय, पर ह्याच्यात पाणी कुठं हाय ते दावा." मग त्यांनीच झरे सांगितले. कुठला होळीपर्यंत टिकतो, कुठला दिवाळीलाच आटतो, कुठल्या पाण्यावर अस्वल येतं म्हणून सांजच्याला तिकडं जायचं नाही. ही माहिती कुठल्याच कागदावर नाही. मामांची पोरं पुण्याच्या बाजूला कंपनीत कामाला आहेत. ती परत येऊन गुरं राखणार नाहीत, आणि त्यांनी राखावीत असंही मी म्हणणार नाही. पण वाट दाखवण्याचे नियमित पैसे मिळाले, तर तांड्यावरची दोन-चार पोरं मामांच्या मागं हिंडून हे सगळं शिकून घेतील. वनखात्यानं प्रशिक्षण द्यावं, ओळखपत्र द्यावं, दर ठरवून द्यावा आणि गटामागं एक वाटाड्या सक्तीचा करावा. एवढं झालं तरी खूप आहे.

याच रांगेतल्या अंतूर किल्ल्याचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. नागापूरच्या बाजूनं किल्ल्याकडं जाताना एक दगडी खांब लागतो, निजामशाहीच्या काळातला. त्यावर फारसीत कुठली वाट कुठल्या गावाला जाते ते कोरलेलं आहे. म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी या डोंगरात अनोळखी वाटसरूची काळजी करणारं कुणीतरी सत्तेवर होतं. घोड्यावरून येणाऱ्यालाही आणि पायी येणाऱ्यालाही त्या फाट्यावर आपण कुठं आहोत ते कळत होतं. आज त्याच किल्ल्यावर पहिल्यांदा गेलेल्याला वाट शोधत फिरावं लागतं. खांब तिथंच आहे, त्याचा कित्ता तेवढा आपण गिरवला नाही.

पण नुसते बाण रंगवून काम भागत नाही, वाट बांधावी लागते. आपला डोंगर थरांचा. काळा कातळ, त्याखाली मऊ मुरूम, परत कातळ. माणसं शॉर्टकट मारत सरळ उतारानं चालली की गवत जातं, मुरूम उघडा पडतो आणि दोन पावसाळ्यांत त्या वाटेचा नाला होतो. मग लोक त्या नाल्याच्या शेजारून नवी वाट पाडतात आणि तिचाही नाला होतो. यावरचा उपाय आपल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. उताराची जमीन आपण आडवी नांगरतो, उभी नांगरत नाही. डोंगरातली वाटही तशीच आडवी, वळणं घेत न्यायची. ठरावीक अंतरावर पक्के दगड आडवे बसवायचे म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न राहता बाजूला निघून जातं. तीव्र चढावर जागच्याच दगडांच्या पायऱ्या. सिमेंट नको, रेलिंग नको, फरशी तर नकोच नको. ओल्या गुळगुळीत फरशीवर माणसं पडतात, कातळावर पाय धरतो. हे सगळं काम हातानं होतं, रोजगार हमीत बसू शकेल असं आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला, गावात हाताला काम नसतं तेव्हाच करायचं आहे.

इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९५१ पासूनचं, डोंगर आणि तळ्यांचं, २०१७ पासून जागतिक वारसा. तिथं स्काफेल पाइक नावाचा डोंगर आहे, इंग्लंडमधला सर्वांत उंच. उंची ९७८ मीटर. आपला अंतूर सव्वाआठशेच्या आसपास आहे. उंचीत म्हणाल तर फार मोठा फरक नाही. तिथलं घेण्यासारखं दुसरंच आहे. चालणाऱ्यांच्या पायांनी तिथल्याही वाटा खचल्या, डोंगरावर लांबून दिसतील असे ओरखडे पडले. तेव्हा माणसांना बंदी घालण्याऐवजी त्यांनी वाटा दुरुस्त करायला घेतल्या. तिथं स्वयंसेवक डोंगरावर जाऊन दगड बसवतात, पाणी काढून द्यायच्या चऱ्या साफ करतात. श्रमदान आपल्याला परकं नाही. पाणलोटासाठी उन्हाळ्यात गावंच्या गावं फावडी घेऊन माळावर उतरलेली मराठवाड्यानं पाहिली आहेत. तीच माणसं, तीच हत्यारं, फक्त काम वाटेचं.

आता दोन्हीकडून येणाऱ्या आक्षेपांबद्दल.

जंगलाची काळजी असलेले माझे मित्र म्हणतात, अभयारण्यात माणूसच नको. त्यांची तळमळ मला कळते. इथं बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरकडचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालून गौताळ्यात येऊन पोचला, तेव्हा आम्हा सगळ्यांना भरून आलं होतं. पण आज माणूस जंगलात नाही असं थोडंच आहे? कन्नड-नागद रस्त्यानं तो रोज जातोय, रविवारी तर हॉर्न वाजवत, गाडीतला स्पीकर लावून जातोय, तळ्याच्या काठावर जेवणाच्या पत्रावळ्या टाकून येतोय. वाटाड्याबरोबर बारा-पंधरा जणांचा गट गुपचूप एका आखलेल्या वाटेनं चालत गेला, तर जनावराला त्याचा त्रास कितीतरी कमी. शिवाय मी सगळं जंगल उघडा म्हणत नाही. वाटा थोड्याच असाव्यात, उजेड असेतोवरच असाव्यात, दिवसाला किती माणसं सोडायची त्याला मर्यादा असावी. आणि होळीनंतर पाऊस पडेपर्यंत त्या पूर्ण बंद ठेवाव्यात, कारण तेव्हा पाणवठे मोजके उरतात आणि वणव्याची भीती असते.

रस्ता मागणारे म्हणतात, म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी, लेकुरवाळ्यांनी काय करायचं? रास्त प्रश्न आहे. गेटापासून तळ्यापर्यंत एक लहान बस फिरवा. अजिंठ्याला आपण हेच केलं आहे ना? फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवायची आणि शेवटचे चार किलोमीटर बसनं जायचं. सुरुवातीला कुरकुर झाली असेल, पण आज वाघूरच्या त्या खोऱ्यात लेण्यांच्या तोंडाशी शेकडो गाड्या उभ्या नाहीत हे किती मोठं सुख आहे, ते तिथं गेलेल्याला विचारा. रोज कामासाठी जाणारे नागदकडचे लोक, शेतकरी, शाळेची पोरं, रुग्ण यांना कुणीच अडवू नये. प्रश्न फक्त सुट्टीच्या गर्दीचा आहे. आणि रुंदीकरणाबद्दल एवढंच सांगतो की, ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीच्या पावसानं कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गाड्या अडकून पडल्या, ती सकाळ आम्ही विसरलेलो नाही. थरांच्या या डोंगराचा उतार आणखी कापायचा असेल, तर त्याला सहलीपेक्षा मोठं कारण हवं.

अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांकडं उतरणारी वाट, म्हैसमाळवरून वेरूळकडची उतरण, शूलिभंजनचा डोंगर, यांच्याबद्दलही पुष्कळ लिहिता येईल. पण सगळीकडं एकदम हात घातला की काहीच होत नाही. सुरुवात पितळखोरा-पाटणादेवीपासून व्हावी. वाट आधीच आहे, दोन्ही टोकांना गाडीरस्ता आहे, वर-खाली दोन्हीकडं बघण्यासारखं आहे. दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एकदा एकत्र बसून ही वाट पायी चालून पाहावी, एवढी माझी विनंती आहे. ते यायला तयार असतील तर मामांना सोबत घेऊन यायची जबाबदारी माझी.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. तुमच्या गावाच्या डोंगरात ज्यांनी गुरं राखली, मध काढला, चारोळ्या वेचल्या, कावड घेऊन देवाला गेले, त्यांच्याजवळ बसा. वाटेचं नाव काय, ती कुठून निघते, कुठं पाणी आहे, कुठल्या महिन्यापर्यंत आहे, कुठली खिंड पावसात धोक्याची, हे वहीत उतरवून घ्या. जमलं तर त्यांच्यासोबत एकदा चालून या आणि फोनमध्ये ती वाट नोंदवून ठेवा. कन्नड, सोयगाव, सिल्लोड, खुलताबाद, कुठलंही गाव चालेल. झऱ्यांची आणि प्राण्यांच्या ठिकाणांची माहिती मात्र इथं उघड टाकू नका, ती मला किंवा तुमच्या ओळखीच्या वनरक्षकाला इनबॉक्समध्ये कळवा. वाटांची नावं आणि गावं खुशाल खाली लिहा. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझे विद्यार्थी त्यांचा नकाशा काढायला बसणार आहोत.