गुरगुरला म्हणून चप्पल?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. कुत्री आवडत नसतील त्यांनी खुशाल पुढे सरका.

शेजारच्या काकांकडे मुंबईचे पाहुणे आलेत. देवगडात मे महिन्यात आंबे आणि पाहुणे एकदमच उतरतात. त्यांचा छोटा मुलगा सकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, काकांच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या गळ्यात पडला, फोटोसाठी. आई म्हणतेय, "बघ, शेपूट हलवतोय!" मी गडग्यापलीकडून, मधल्या दगडी कुंपणापलीकडून, बघत होते. बंड्याने तोंड फिरवलं. ओठ चाटले. मोठ्ठी जांभई दिली. कान मागे, डोळ्यांच्या कडांचं पांढरं दिसायला लागलेलं. शेपूट हलत होतं, पण खाली घातलेलं, नुसतं टोक. पोराने अजून आवळलं तेव्हा कुठे तो गुरगुरला. आणि बापाने पायातली चप्पल काढली.

अहो, तोवर त्याने 'सोड मला' म्हणून किती वेळा सांगितलं होतं! जांभई म्हणजे झोप, शेपूट हललं म्हणजे खूश, एवढ्यावर आपलं कुत्र्यांचं ज्ञान संपतं. शेपूट ताठ उभं करून हलवणारा कुत्रा लाडात आलेला असेलच असं नाही. आणि गुरगुरल्यावर मार बसला की तो गुरगुरणं सोडतो, चावणं नाही. मग आपणच म्हणायचं, "अचानक चावला हो, काही केलं नव्हतं."

हो, कुत्री चावतात. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही, हे मलाही कळतं. नुसता ओरखडा आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लस घ्यायला पळा. हळद-मिरची चोपडत बसू नका.

चपलेचा मार खाल्ल्यावर बंड्या बाजूला गेला आणि अंग झाडलं, भिजल्यावर झाडतात तसं. कोरडा ठणठणीत होता, ताण झटकत होता तो.

त्या बापाला तरी एकट्याला काय बोलू? हंगामभर बंड्या आंब्याच्या कलमाखाली साखळीला, वानर हाकायला. (वानर साखळीच्या बाहेर बसून आंबे खातात.) काका म्हणतात, "सोडून ठेवलंय तर वाघ व्हरतलो तेका." (वाघ म्हणजे बिबट्या, तो उचलून नेईल म्हणे.) बिबट्याचं खरं आहे, वाडीतली कुत्री गेलीत. मग रात्री पडवीत घ्या. दिवसा काय? कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे, कलम ११.

त्याला लागतं तरी काय? सावली आणि पाणी, कारण घाम येतो तो पंजांना, जेमतेम. बाकी सगळं धापा टाकून. आणि हुंगायला वेळ. संध्याकाळी मी त्याला सड्यावर, कातळाच्या माळावर, नेते, तेव्हा एकेका दगडापाशी नाक लावून उभा राहतो. कोण आलं, कोण गेलं, सगळं तिथे कळतं त्याला. ओढायचं नाही.

पोराचा मात्र दोष नाही. दुपारी गडग्याशी येऊन विचारत होता, "तो माझ्यावर चिडलाय का?" म्हटलं, लांब बस, त्याच्याकडे टक लावून बघू नको, हात पुढे करू नको, त्याला यायचं तर येईल. बंड्या आला, गुडघा हुंगला आणि निघून गेला. पोरगं खट्टू झालं. म्हटलं, हेही त्याचं उत्तरच आहे, बाळा.

साखळीचं काकांशी बोलणार आहे. आंबे संपेपर्यंत ते ऐकायचे नाहीत, माहितीये. आणि "मग तूच घेऊन जा की" म्हणणाऱ्यांनो, माझ्याकडे आधीच दोन आहेत.