मशीन बिघडलेलं नाही, सूर कळणं वेगळं असतं

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्याच्या आतल्या कानात ऑपरेशनने बसवतात ते मशीन) केलेल्या पोराला भजनाची चाल ओळखता येत नसेल तर ऑपरेशन फेल गेलं समजा. हे साफ चूक आहे, आणि असलं वाचून आईबाप हबकतात म्हणून लिहितोय.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साडेतीन हजाराच्या आसपास केसपेशी असतात, इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड (नसेला करंट देणारे बिंदू) 12 ते 22, त्यात एकाचा करंट शेजारी पण पसरतो, आणि प्रोसेसर (आवाज घेणारा बाहेरचा भाग) बहुतेक पद्धतींत आवाजाचा ढोबळ चढउतार तेवढा घेऊन ठरलेल्या वेगाने पल्स पाठवतो, बारीक कंपनं गळूनच जातात. शांत खोलीत बोलणं कळायला एवढं पुरतं. सुराला नाही पुरत.

इम्प्लांट केलेल्या माझ्या भाचीला टाळ-मृदंगाचा ठेका बरोब्बर कळतो, मांडीवर बोटं आपटते, पण पेटीवर सा आणि रे वाजवले तर दोन्ही एकच म्हणते. "बाबा आला." आणि "बाबा आला?" यातला फरक पण तोंडाकडे बघून ओळखते.

मॅपिंग (मशीनचं सेटिंग जुळवणं) आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी चुकवू नका, ऐकण्यात अचानक फरक पडला तर मात्र लगेच दाखवा.